सुरतेच्या डॉक्टरीणबाई

रखमाबाईंचे नाव काढले की आपल्या मंडळींना हटकून खटला आठवतो. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. कोर्ट, जज्ज, वर्तमानपत्रांतली रणधुमाळी, नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग बरा असे बजावणारी बावीस वर्षांची मुलगी. हे सारे खरेच, आणि ते सांगावे तितके थोडे. पण खटला संपला तेव्हा या बाईंचे वय चोविसाच्या आत होते आणि त्या जगल्या नव्वद वर्षे. मधल्या सदुसष्ट वर्षांत त्यांनी काय केले, हे विचारले तर आपण जरा चाचरतो. डॉक्टर झाल्या, असे म्हणून विषय आटोपतो. आम्हां बडोदेकरांना तर हे मुळीच शोभत नाही. कारण त्यांतली सुमारे बावीस वर्षे त्या आपल्या शेजारी, इथून अवघ्या १३० किलोमीटरांवर, सुरतेत होत्या. लग्नकार्याच्या जरीसाठी आणि पोंकासाठी आपले वाडवडील आगगाडीने ज्या गावी उठून जात, त्याच गावी ही मराठी बाई रोज सकाळी आजारी पोरांच्या आणि बाळंतिणींच्या खाटांमधून फिरत होती. मला स्वतःला खटल्याच्या रखमाबाईंपेक्षा या सुरतेच्या रखमाबाईंचे अधिक कुतूहल आहे. म्हणून आज थोडे त्यांच्याविषयी.

आधीचा भाग भराभर सांगून टाकतो. २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस सुतार ज्ञातीतल्या घरात त्यांचा जन्म झाला. आई जयंतीबाई. तिचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी ही मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. पती जनार्दन पांडुरंग निवर्तले तेव्हा रखमा दोन-अडीच वर्षांची होती. या ज्ञातीत पुनर्विवाहाची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे सखाराम अर्जुन म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे अध्यापक आणि १८८३ साली निघालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. औषधी वनस्पती आणि रोगी यांच्या गप्पा ज्या घरात जेवताना चालत, त्या घरात रखमा वाढली. तरीही अकराव्या वर्षी तिचे लग्न झालेच. नवरा दादाजी एकोणीस-वीस वर्षांचा, सावत्र वडिलांच्या नात्यातला. ती सासरी गेली नाही. १८८४ साली दादाजीने बायको नांदायला पाठवावी म्हणून फिर्याद केली. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी अपिलात तो फिरला. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. त्यांनी तुरुंग पत्करला. तो भोगण्याची वेळ मात्र आली नाही. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा सोडला. 'हिंदू लेडी' या नावाने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात लिहिलेली पत्रे, मलबारींची बाजू, केसरीची बाजू, हा सारा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा या वादळातूनच पुढे आला, आणि त्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. होय, बाराच. यावरून इतका गहजब!

कामा हॉस्पिटलच्या डॉ. ईडिथ पीची यांच्या पाठबळाने १८८९ साली त्या विलायतेस गेल्या. स्त्रियांसाठी काढलेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, त्या विद्यालयाच्या मुली ज्या रॉयल फ्री हॉस्पिटलात जात तिथे रोग्यांच्या उशाशी उभ्या राहून अनुभव घेतला, स्कॉटलंडच्या परीक्षा दिल्या आणि १८९४ साली ब्रुसेल्सची एम.डी. ही पदवी मिळवली. परत आल्यावर काही दिवस कामा हॉस्पिटलात काम केले आणि १८९५ साली सुरतेच्या शेठ मोरारभाई व्रजभूखणदास माळवी इस्पितळाची सूत्रे घेतली. तेव्हा त्या तिशीच्या होत्या.

इथे आनंदीबाई जोशी आठवल्यावाचून राहत नाहीत. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे निधन झाले आणि त्या विभागाची पायरी चढणे त्यांच्या नशिबी नव्हते. मराठी घरांनी आनंदीबाईंना देव्हाऱ्यात बसवले. रखमाबाईंनी ती पायरी चढली, पस्तीस वर्षे रोज चढली. त्यांना देव्हारा मिळाला नाही. रोज काम करणाऱ्या माणसाचे असे होते खरे.

आता सुरत. मराठी नावाला सुरतेत काय भाव होता हे आपण सोयिस्करपणे विसरतो. १६६४ आणि १६७० अशा दोन स्वाऱ्या, पुढे चौथाई, त्यात गायकवाडांचा हिस्सा. आपल्याकडे पोवाडे झाले. तापीकाठच्या पेढीवाल्यांच्या घरांत त्याच आठवणी निराळ्या सुरात सांगितल्या गेल्या. रखमाबाईंचा जन्म पहिल्या स्वारीनंतर बरोबर दोनशे वर्षांनी झाला हा निव्वळ योगायोग, पण मला तो गमतीचा वाटतो. दोनशे एकतीस वर्षांनी एक मराठी माणूस सुरतेत शिरले आणि लोकांनी आपणहून आपली मुले त्याच्या हाती दिली. अर्थात पहिल्या दिवसापासून दिली असे नव्हे.

इस्पितळ तयार होते, खाटा होत्या, विलायती पदवीची बाई डॉक्टर होती. आणि बाळंतपणाला कोणी येईना. कारण उघड होते. बाळंतपण ही घरातल्या अंधाऱ्या खोलीत, ओळखीच्या दायणीच्या हातून होणारी गोष्ट. परक्या इमारतीत, जिथे माणसे मेलेली आहेत अशा खाटेवर, वंशाचा दिवा कोण जन्माला घालणार? या भीतीवर व्याख्यान देऊन उपयोग नव्हता. रखमाबाईंच्या चरित्रात एक गोष्ट सांगतात, ती इथे येते. त्यांनी एक गाभण शेळी इस्पितळात आणवली. शेळी तिथेच सुखरूप व्याली. बायकांनी ते पाहिले, गल्लोगल्ली बातमी गेली, आणि मग एकेक बाळंतीण येऊ लागली.

ही गोष्ट ऐकून लोक हसतात. मला ती त्या बाईंच्या वैद्यकीची गुरुकिल्ली वाटते. पाहा ना, त्यांनी समोरच्या बायकांना अडाणी म्हटले नाही. त्यांची शंका काय आहे ते ओळखले: या जागेत प्रसूती सुखाची होते की नाही? मग त्या शंकेचे उत्तर त्या बायकांना समजेल अशा साक्षीदाराकडून देवविले. शेळी प्रत्येकीच्या ओळखीची. ती कोणाची बाजू घेत नाही, तिला पदवी नाही, तिला कोणी शिकवून ठेवलेले नसते. ती घाबरली नाही, तिचे पिल्लू उभे राहून दुधाला लागले, एवढे पुरे. वकिलांच्या साक्षीपुराव्यात चार वर्षे काढलेल्या बाईला साक्षीदार निवडता येत होता, असे मी म्हणेन.

अशा जनाना इस्पितळात काम करणे म्हणजे नुसते नाडी बघणे नव्हे. लॉर्ड डफरिनच्या पत्नीने १८८५ साली फंड उभारला तेव्हापासून देशभर स्त्रियांचे दवाखाने निघू लागले होते, आणि सगळीकडे अडचण एकच होती: बोलायचे कोणाशी? खाटेवर तापाने फणफणलेले दोन वर्षांचे मूल. त्याची आई बहुधा पंधरा-सोळा वर्षांची, डोक्यावरून पदर ओढलेली, सासूसमोर तोंड न उघडणारी. सासू पुढे सरसावून बोलणार. मुलाचा बाप फाटकाबाहेर, कारण आत पुरुषाला मज्जाव. आणि पैशाचा, औषधाचा, थांबायचे की घरी न्यायचे याचा निर्णय त्या फाटकाबाहेरच्या माणसाचा. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले वाक्य सासूच्या तोंडून फाटकापर्यंत जायचे आणि तिथून निर्णय होऊन परत यायचे. वाक्य लांबलचक असले तर वाटेतच त्याचे तुकडे व्हायचे. ज्याला आपण आज समजावून सांगणे म्हणतो, ती कला तिथे जीवनमरणाची होती. सासूला वगळून सुनेशी बोलावे तर सासू मुलाला उचलून चालू लागणार. सासूशीच बोलावे तर रात्रभर मुलाला पाजणारी, ते कितीदा रडले हे जाणणारी एकच व्यक्ती गप्प राहणार. दोघींचा मान राखून तिसऱ्याचा जीव वाचवायचा.

त्यातून भाषा. मुंबईच्या माणसाला गुजराती परकी नसते, पण सुरतेची गुजराती म्हणजे वेगळेच प्रकरण. तिथला माणूस आपल्या गावालाच हुरत म्हणतो; स आणि श यांचा ह करून टाकतो. पुस्तकी गुजराती घेऊन गेलेल्याला पहिले काही महिने अर्धे कळत नाही. त्यात गोला, घांची, खत्री, कणबी, बोहरी, पारशी, मुसलमान, प्रत्येकाची ढब निराळी, आजारांची नावे निराळी. घड्याळ मोजक्याच घरांत. तीन वेळा औषध द्या म्हटले तर तीन वेळा म्हणजे कधी? पाणी भरून आल्यावर, मंदिरातल्या आरतीच्या वेळी आणि दिवेलागणीला, अशीच भाषा बोलावी लागे. जो डॉक्टर अशी बोलणार नाही त्याची बाटली कोनाड्यात तशीच राहायची.

आणि आजार तरी कसले! धनुर्वाताचे उदाहरण घ्या. सुखरूप जन्मलेले, दूध पिणारे मूल पाचव्या-सहाव्या दिवशी तोंड मिटून घेते, अंग ताठ होते आणि जाते. त्या काळी घरोघर हे घडे. सहाव्या रात्री सटवाई कपाळी लिहायला येते आणि तीच नेते, असे आपल्याकडेही मानत, गुजरातेत छठी. खरे कारण नाळ कापणाऱ्या विळ्यावर किंवा पात्यावर, नाळेला लावलेल्या राखेत किंवा शेणात होते. या रोगाचे जंतू जर्मनीत १८८४ साली ओळखले गेले आणि १८८९ साली किताझातो या जपानी शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये ते वेगळे काढले. म्हणजे रखमाबाई विलायतेत शिकत होत्या तेव्हा हे ज्ञान अगदी ताजे होते. पण ते सुरतेच्या आजीला कसे सांगायचे? तुमच्या दायणीने मूल मारले असे म्हटले तर दायण वैरी होणार, आजी वैरी होणार आणि पुढच्या खेपेला कोणीच येणार नाही. शिवाय मूल गेलेल्या आईच्या मनात जन्माची बोचणी राहणार, की मीच का नाही बोलले. छठीशी भांडण नको, पूजा करा. मात्र नाळ कापण्याआधी पाते उकळत्या पाण्यातून काढा, राख लावू नका, धुतलेली कोरडी चिंधी बांधा. एवढेच सांगायचे, आणि ते दायणीला आपल्या बाजूला बसवून सांगायचे. ज्या ज्या ठिकाणी हे काम साधले, तिथे ते याच वाटेने साधले.

बाळागोळीचे तसेच. रडके मूल झोपावे म्हणून अफूची बारीक गोळी देण्याची रीत गुजरातेत आणि मुंबईच्या चाळींत सर्रास होती. शेतावर किंवा गिरणीत जाणाऱ्या आईला दुसरा इलाज नसे. मूल सुस्त पडले आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, श्वास मंद आहे. काय दिले असे दरडावून विचारले की उत्तर एकच: काही नाही. विचारण्यात धाक असला की आई खोटे बोलते आणि त्या खोट्यावर मूल मरते. मूल रात्री झोपत नसेल तर तुमचे फार हाल होत असतील, असे म्हणून आरंभ केला तर गोळी आपोआप पदराच्या गाठीतून बाहेर येते. देवीच्या साथीतही हेच. गुजरातेत शीतळा माता आणि बळिया काका यांचा अधिकार डॉक्टरपेक्षा मोठा. देवी अंगात असताना औषध देणे म्हणजे पाहुणीचा अपमान. पण मुलाला निराळे ठेवा, कडुलिंबाच्या डहाळ्या बांधा, बाहेरच्याला आत घेऊ नका, थंड खायला द्या, या जुन्या नियमांत डॉक्टरला भांडण्यासारखे काय होते? भांडण फक्त लस टोचण्यापुरते, आणि ते देवी येण्याआधीचे. शहाणी डॉक्टरीण देवीच्या बाजूने बोलते आणि लस टोचून घेते.

रखमाबाईंना हे बोलणे कुठून अवगत झाले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. विलायतेच्या विद्यालयात हा विषय नव्हता. तिथल्या इस्पितळांत तर मुलांच्या बाबतीत रीत उलटीच होती. आईबापांनी मूल परिचारिकेच्या हवाली करायचे आणि आठवड्यातून ठरल्या वेळी भेटायला यायचे. काही ठिकाणी तेही नाही. आई भेटून गेली की मूल रडते, म्हणून आईनेच येऊ नये, असा त्यांचा न्याय. ही चूक उमगायला इंग्लंडला १९५९ उजाडावे लागले. त्या वर्षी प्लॅट समितीने सांगितले की आईबापांना मुलाजवळ मोकळेपणाने येऊ द्या, लहानग्याच्या आईला तिथे राहू द्या आणि मुलाला काय होणार आहे ते त्याला आधी सांगा. आपल्याकडे आईला खाटेपासून दूर करण्याची कोणाची छाती नव्हती. जनाना इस्पितळांत रोग्याबरोबर आई, आजी, धाकटे भावंड आणि चूल असा संसारच येई. सोवळ्याओवळ्यासाठी स्वयंपाकाची निराळी सोय करावी लागे. गोऱ्या डॉक्टरीणबायकांच्या लिखाणात याविषयी कुरकुर आढळते. मला वाटते, त्या गर्दीतच आपल्या इस्पितळांची माणुसकी टिकून राहिली.

तेव्हा रखमाबाईंचे शिक्षण या बाबतीत दुसरीकडे झाले, असा माझा तर्क आहे. एक शाळा घरची. आई पंधराव्या वर्षी बाळंत झालेली. म्हणजे सुरतेच्या खाटेशी घाबरून बसलेली सून त्यांनी आपल्या आईच्या रूपाने आधीच पाहिलेली होती. दुसरी शाळा कोर्टाची. चार वर्षे त्यांच्या देहाविषयी, त्यांच्या बुद्धीविषयी, त्यांच्या हेतूविषयी मोठमोठ्या माणसांनी त्यांच्या डोक्यावरून चर्चा केली. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनी केली, लंडनच्या टाइम्सने केली. ज्याच्याविषयी सारे बोलतात आणि ज्याला कोणी काही विचारत नाही, अशा माणसाला काय वाटते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? आजारी मुलाची अवस्था हीच असते. खाटेभोवती चार मोठी माणसे उभी राहून त्याच्या पोटाविषयी बोलतात आणि पोटाचा मालक कोणाकडे पाहावे या विवंचनेत असतो.

परवाच एका नातलगाच्या पाच वर्षांच्या मुलीसाठी मला इस्पितळात दोन दिवस बसावे लागले. सकाळच्या पाळीची परिचारिका आली, मुलीकडे न पाहता तिचा हात धरून सुई टोचली आणि आईला म्हणाली की पोर फार हट्टी आहे. संध्याकाळच्या पाळीला एक मल्याळी बाई होत्या. त्यांची गुजराती मोडकी, मराठी त्याहून मोडकी. त्यांनी आधी मुलीच्या बाहुलीला पट्टी बांधली, मग मुलीला विचारले की डावा हात देतेस की उजवा. आणि टोचल्यावर दुखेल, दहा आकडे मोजेपर्यंत दुखेल, असे खरे ते सांगितले. मुलीने उजवा हात दिला. रडली, पण आकडे मोजत रडली. यात विज्ञान काहीच नाही म्हणणाऱ्यांनी पाहावे, की दुसऱ्या दिवशी तीच मुलगी कोणाच्या हातून औषध घेत होती.

परिचारिका हा शब्दही आपल्या घरांत फार उशिरा आला. रखमाबाई सुरतेत गेल्या तेव्हा परक्यांची घाण काढणे हे काम उच्चवर्णीय घरांच्या दृष्टीने इतके हलके होते, की चांगल्या घरची विधवा उपाशी राहील पण नर्स होणार नाही, अशी स्थिती. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने ससून हॉस्पिटलात मुलींना शुश्रूषेचे शिक्षण द्यायला आरंभ केला तो १९०९ नंतर, आणि तेव्हाही केवढी टीका झाली! सुरतेसारख्या गावी रात्री तापलेल्या मुलाच्या उशाशी जागायचे कोणी, हा प्रश्न डॉक्टरपेक्षा अवघड. सुरतेत १९०७ साली बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवा भगिनींनी वनिता विश्राम काढले. रखमाबाईंचा या कार्याशी निकटचा संबंध होता. विधवेला घराच्या कोपऱ्यातून बाहेर काढून तिच्या हाती काही विद्या द्यावी, हा या संस्थेचा उद्देश. आणि इस्पितळात ज्या हातांची वाण होती ते हात नेमके त्या कोपऱ्यात बसलेले होते, हे डॉक्टरीणबाईंना वेगळे सांगायला नको होते.

मधल्या काळात प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईस, आणि पुढच्याच वर्षी सुरतेस. घराघरांत शिरून झडत्या, रोग्याला उचलून छावणीत नेणे, कपडेलत्ते जाळणे. सरकारी दवाखाना म्हणजे जिथून माणूस परत येत नाही अशी जागा, ही भीती शेळीच्या वेळच्या भीतीहून शतपट मोठी होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. ज्याला जाता येत होते तो गाव सोडून गेला. त्यामागून छप्पनचा दुष्काळ, म्हणजे संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. आपल्या बडोदे संस्थानातही त्याने काय अनर्थ केला ते जुन्या घरांना सांगायला नको. या सेवेसाठी सरकारने रखमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. पदकाचे मला विशेष वाटत नाही. त्या गाव सोडून गेल्या नाहीत, याचे वाटते. सुरतेच्या बायकांनी ती गोष्ट लक्षात ठेवली असणार. अशा वेळी कोण थांबले आणि कोण गेले, हे बायका विसरत नाहीत.

एक नियतीची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रसभेचे अधिवेशन सुरतेत भरले. ते प्रसिद्ध भांडण, तो मंडपात भिरकावलेला दक्षिणी जोडा, त्या मोडलेल्या खुर्च्या. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या पत्राने रखमाबाईंवर कोरडे ओढले होते ते लोकमान्य त्या चार दिवसांत सुरतेत होते, आणि रखमाबाईही सुरतेतच होत्या. एकाच गावात दोघे. देशाचे भवितव्य तापीकाठच्या मंडपात ठरत होते. आणि त्याच वेळी इस्पितळात कोणाचे तरी मूल जन्माला येतच असणार. लोकमान्यांचे मोठेपण मी कमी लेखत नाही. पण त्या खटल्यात त्यांची बाजू चुकीची होती, हे आता तरी आपण स्वच्छ म्हणावे.

१९०४ साली दादाजी वारले. त्यांनी केव्हाच दुसरा संसार थाटला होता, आणि रखमाबाईंनी ते लग्न कधी मानलेच नव्हते. तरीही दादाजी गेल्यावर त्या विधवेचे पांढरे लुगडे नेसू लागल्या. असे का, यावर पुष्कळांनी लिहिले आहे. कोणी हार म्हणतात, कोणी ढाल. मला त्यातली एकच बाजू सतावते. विधवा म्हणजे अशुभ. तिचे तोंड सकाळी पाहू नये, ओटीभरणाला ती नको, बारशाला तिने पुढे येऊ नये. आणि सुरतेच्या त्या इस्पितळात १९०४ नंतर जे मूल जन्मले, त्याने जगात आल्यावर पाहिला असेल तो बहुधा हा पांढऱ्या लुगड्यातला चेहरा. सासवांनी ते चालवून घेतले. गाभण शेळीपासून आरंभ करून नऊ वर्षांत सुरत इथवर आली होती. त्याच १९०४ साली आमच्या सयाजीराव महाराजांनी बडोद्यात बालविवाह प्रतिबंधक कायदा केला, हेही नमूद करून ठेवतो. कायदा किती पाळला गेला ते सोडा. पण तो आपल्या संस्थानात झाला.

१९१७ च्या सुमारास त्या सुरतेहून राजकोटला गेल्या. सरकारच्या स्त्री-वैद्यकीय सेवेत येण्याचे आमंत्रण होते, ते त्यांनी घेतले नाही; राजकोटच्या संस्थानी जनाना इस्पितळात आणखी बारा-एक वर्षे काम केले, तिथे रेडक्रॉसचे कार्य उभे केले आणि १९३० च्या सुमारास मुंबईस परतल्या. पडद्याच्या चालीविरुद्ध त्यांनी एक पुस्तिका लिहिली. फाटकाबाहेरचा बाप आणि आतली मुकी आई यांच्यामधली भिंत पस्तीस वर्षे पाहिल्यावर दुसऱ्या कशाविषयी लिहिणार?

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्या मुंबईस वारल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. वधूचे वय पंधरा आणि घटस्फोटाची सोय त्यात होती. पण ज्या मागणीवरून त्यांना कोर्टात खेचले, ती नांदायला पाठवण्याची मागणी कलम ९ म्हणून त्यातही राहिलीच. फक्त तिच्यासाठी बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्येच गेली होती. त्यांच्या निधनाच्या वेळी सुरतेत साठीकडे झुकलेली कितीतरी माणसे अशी असतील, जरीवाले, गोले, घांची, पारशी शेठ, त्यांच्या बायका, ज्यांना जन्मल्यावर पहिल्याने उचलून आईच्या कुशीत दिले ते रखमाबाईंनी. त्यांतल्या कितींना ते ठाऊक होते कोण जाणे.